पैलवानाचा कप

आमच्या लीड्सच्या घरात सिंकखाली एक लाकडी कपाट होतं. त्याचं दार नीट लागायचं नाही. आत फरशी पुसायचं फडकं, मोरी घासायचा ब्रश, ब्लीचची बाटली आणि एक कप असायचा. निळ्या पट्ट्याचा, कडेचा टवका उडालेला, कानाशी बारीक चीर गेलेला. आईने मार्केटमधून आणलेल्या सुट्या कपांपैकी तो उरलेला. घरातले बाकीचे कप वरच्या शेल्फवर ओळीने पालथे घातलेले असायचे, हा एकटा खाली फडक्याशेजारी. तो धुवायचं काम माझं होतं. घरातल्या सिंकमध्ये नाही हं, मागच्या यार्डातल्या नळावर, आणि त्यासाठी वेगळी चिंधी नळाजवळच्या खिळ्याला अडकवलेली असायची. थंडीत त्या पाण्याने बोटं बधिर व्हायची आणि मी आईच्या नावाने खडे फोडत तो कप विसळायचे. वाईट वाटायचं ते फक्त माझ्या बोटांचं.

तो कप मिस्टर ॲल्डर यांचा होता. गिडियन ॲल्डर. आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात एका खोलीत भाड्याने राहायचे. जन्म बार्बाडोसचा, वय ऐंशीच्या घरात, रंग काळाभोर, उंची अशी की आमच्या दारातून आत येताना हॅट आधी काढावी लागायची आणि मग मानही वाकवावी लागायची. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते हेवीवेट बॉक्सर होते. नाक एका बाजूला सरकलेलं, एका कानाचा नुसता गोळा झालेला, आणि हात एवढे मोठे की कपाच्या कानात बोट शिरायचं नाही, म्हणून ते कप दोन्ही तळव्यांत धरायचे. घरात आम्ही त्यांना 'पैलवान' म्हणायचो. पैलवान आला, पैलवान गेला, असं एकेरीतच. आज लिहिताना हात आपोआप 'ते' लिहितो, पण पन्नास वर्षांनी सुचलेल्या आदराचं मला काही कौतुक नाही.

ओळख झाली ती बर्फामुळे. आई दुधाच्या बाटल्या उचलायला पायरीवर गेली आणि जी घसरली ती थेट रस्त्यावर. साडी, कोट, बाटल्या, सगळं एकत्र. मिस्टर ॲल्डर पाव आणायला निघालेले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, आईला लहान मुलीसारखं अलगद उचललं आणि आणून आमच्या सोफ्यावर ठेवलं. "काही मोडलेलं नाही, लव्ह. मोडलेलं मी ओळखतो," असं म्हणाले. (बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं, मला आठवतं तसं मी मराठीत लिहिते आहे.) ते गेल्यावर आई आधी रडली, मग चिडली. "अहो, हा मेला मला लव्ह म्हणाला!" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, इथे बसचा कंडक्टरसुद्धा मला लव्ह म्हणतो. ऐंशी वर्षांचा म्हातारा आहे तो, तुझ्या प्रेमात नाही पडलेला." तरी आईने त्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली. वार नव्हता, सण नव्हता, गरम पाण्याची टाकी अर्धीच भरलेली, आणि बाहेर बर्फ. ओले केस हीटरसमोर वाळवत बसलेली आई मला अजून दिसते. घरभर पॅराफिनचा आणि शिकेकाईचा वास आला होता.

बाबा सांगलीचे. छातीच्या विकारांच्या वॉर्डात डॉक्टर होते, पण लहानपणी कुस्तीच्या फडात सगळ्यात पुढे बसलेला माणूस. शेजारी खराखुरा पैलवान राहतो म्हटल्यावर त्यांना राहवेना. आभार मानायच्या निमित्ताने त्यांनी मिस्टर ॲल्डरना रविवारी चहाला बोलावलं आणि मग तो दर रविवारचा रिवाजच झाला. दुपारी तीनला दारावर काठीचे दोन ठोके. आई तोवर शिरा करायला घ्यायची. रवा भाजल्याचा वास, वेलदोडा, वर दोन-चार बेदाणे. मिस्टर ॲल्डरना शिरा फार आवडायचा. तो त्यांना त्याच कपाखालच्या, तशाच वेगळ्या ठेवलेल्या बशीत मिळायचा. बाबा आणि ते समोरासमोर बसून ठोसा आणि कुस्तीचा डाव यांत भारी काय यावर वाद घालायचे. एकदा बाबांनी त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या पकड दाखवली, तर यांनी हलक्या हाताने बाबांच्या बरगडीला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, "डॉक्टर, इथे. दोन राउंड आधी पडला असता." बाबांना हे महिनाभर पुरलं, भेटेल त्याला बरगडी दाखवून सांगायचे.

वेगळ्या कपाबद्दल मात्र बाबा कधी बोलले नाहीत. आजोळी कामाला येणाऱ्या बाईचा कप न्हाणीघराच्या कोनाड्यात असायचा, तीच पद्धत आई लोणच्याच्या बरणीबरोबर बोटीतून घेऊन आली होती. विचारलं तर तिच्याकडे उत्तर तयार. "तो काय काय खातो, कुणाला ठाऊक. डुकराचं मांस लागलेल्या तोंडाचा कप मी आपल्या भांड्यांत कशी ठेवू?" आता गंमत बघा. आमच्या शेजारच्या गोऱ्या बाई रोज सकाळी बेकन तळायच्या, त्याचा वास आमच्या जिन्यापर्यंत यायचा. त्या आल्या की आई सोनेरी काठाचा सेट काढायची. आणि याच आईने, बाबा पहिल्यांदा एकटे इथे आले तेव्हाची गोष्ट मला दहा वेळा डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. त्यांच्या घरमालकिणीने म्हणे त्यांचा टॉवेल वेगळ्या खुंटीला लावला होता आणि आंघोळीचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवला होता. "माणसासारखी माणसं, अशी कशी वागतात गं?" असं ती म्हणायची. खरंच विचारायची ती, ढोंग नव्हतं त्यात.

मिस्टर ॲल्डरना मोतीबिंदू होता, लिहिता-वाचता येईनासं झालं होतं. आपली सगळी हकीकत कुणीतरी लिहून ठेवावी असं त्यांच्या मनात होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून बाबांनी मला बसवलं. चहा झाला की मी शाळेची एक वही घ्यायचे आणि ते सांगतील ते लिहायचे. कोळशावर चालणाऱ्या बोटीच्या भट्टीत फावडं मारत ते कार्डिफला उतरले. गोदीत अंगावर आलेल्या एका आडदांड खलाशाला त्यांनी एका ठोशात आडवा केला. ते पाहणाऱ्या एकाने त्यांना रिंगमध्ये उभं केलं. मग पुढची काही वर्षं समोर येईल तो हेवीवेट लोळवत गेले. पॅरिसला लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं आणि उंच दांड्याच्या ग्लासातून शॅम्पेन पाजली. पण इथल्या चॅम्पियनच्या बेल्टसाठी लढायचं म्हटलं की दार बंद. चॅम्पियन म्हणायचा, मी काळ्या माणसाशी लढत नाही. लढणाऱ्याचे आईबाप दोघेही गोरे हवेत, असं आधी नुसतं तोंडी होतं, मग तसा लेखी नियमच झाला. "मी हरलो असतो तर हरलो असतो," ते म्हणायचे, "पण मला हरूही दिलं नाही त्यांनी."

वय झाल्यावर मग जत्रेतला तंबू. बाहेर फळीवर उघड्या अंगाने उभं राहायचं, मालक भोंग्यातून ओरडणार, आणि गावातला कुणीही हौशी तरुण आत येऊन यांना ठोसे मारणार. कधी मालक आधीच सांगून ठेवायचा, आज तू पडायचंस, मेयरचा पुतण्या आहे. मग हे पडायचे. पोस्टरवर त्यांचं स्वतःचं नाव कधीच आलं नाही. कुठल्या तरी जनावराचं नाव आणि त्याआधी 'ब्लॅक'. त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात जुनी कात्रणं होती, त्यांतही तसंच. त्यांना एकच हवं होतं, मरायच्या आधी एकदा पेपरात आपलं नाव यावं, आईबापांनी ठेवलेलं, गिडियन ॲल्डर, आणि सोबत फोटो. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही. एका रविवारी त्यांनी सांगितलं की तंबूमागे पाण्याची बादली असायची, बाकीच्या बॉक्सरांना पेले होते, यांचा पत्र्याचा मग बाहेर खिळ्याला टांगलेला. "ठोसे विसरलो, लव्ह. तो खिळा नाही विसरलो." मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं, वही मिटली, यार्डात जाऊन त्यांचा कप विसळला आणि चिंधी खिळ्याला अडकवली.

पुढच्याच रविवारी, आई स्वयंपाकघरात असताना, त्यांनी कप हातात फिरवत मला विचारलं, "मला नेहमी हाच का गं? तुमचे तर दुसरे आहेत." सहज विचारलं होतं. मला खरं सांगता आलं असतं, नाहीतर माहीत नाही म्हणता आलं असतं. मी काय म्हणाले? "आमच्या देशात मोठ्या माणसाचा मान म्हणून त्याला स्वतःचा कप देतात. त्यातून दुसरं कुणीही पीत नाही." दुसरं वाक्य तर खरंच होतं, काय हुशार मुलगी! मिस्टर ॲल्डर खुर्चीत ताठ झाले. त्या दिवसापासून कप हातात घेताना आधी त्याच्याकडे बघायचे आणि मग ओठाला लावायचे. दूधवाल्याला सांगितलं, आपल्या घरमालकिणीला सांगितलं, की डॉक्टरांच्या घरी माझा कप आहे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. "बरं सुचलं गं तुला," ती म्हणाली, आणि मला बक्षीस म्हणून तूप-साखर लावलेली गरम पोळी मिळाली. मी ती खाल्लीसुद्धा.

वही भरल्यावर मी आपणहून एक काम केलं. लीड्सच्या एका संध्याकाळच्या पेपरला पत्र लिहिलं, वहीतली चार पानं उतरवून सोबत पाठवली. उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आलं. त्यांचा माणूस शनिवारी येणार होता, कॅमेरा घेऊन. मिस्टर ॲल्डरना वाचून दाखवलं तर त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाले, "फोटो माझ्या खोलीत नको. इथे काढू दे. तुमच्याकडे." माझ्या मनात तेव्हाही कपाचा विचार आला नाही. मी कोणता फ्रॉक घालायचा याचा विचार करत होते.

शनिवारी आईने ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली आणि सोनेरी काठाचा सेट काढला, सहाच्या सहा कप. बाबांनी भुवया उंचावल्या. "पेपरवाला येतोय ना," आई हळूच म्हणाली, "आज राहू दे त्यालाही यातलाच. मागाहून उकळत्या पाण्यात घालीन." पेपरवाला अगदी कोवळा होता, विशी-बाविशीचा, कानापर्यंत लाजणारा. मिस्टर ॲल्डर गळ्यात टाय, बुटांना पॉलिश, हॅट मांडीवर, असे बसले होते. तासभर बोलले. मुलगा लिहून घेत होता, मधूनमधून लिहायचं विसरून नुसताच ऐकत होता. नाव त्याने तीनदा विचारलं आणि अक्षरं एकेक करून उतरवून घेतली, तेव्हा म्हातारा प्रत्येक अक्षराबरोबर ओठ हलवत होता. मग आईने चहाचा ट्रे आणला आणि सोनेरी काठाचा कप त्यांच्यापुढे धरला.

"नको, मॅडम," मिस्टर ॲल्डर हसून म्हणाले. "आज तर माझा कप हवा." मुलाने विचारलं, कुठला कप? झालं. त्यांनी सगळं सांगितलं. यांच्या देशात मोठ्या माणसाला कसा मान देतात, त्याचा कप कसा वेगळा ठेवतात, या छोट्या बाईने मला सांगितलं. आईला इंग्रजी बोलता बेताचंच यायचं, पण कळायचं सगळं. तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. तो पोरगा तर हरखूनच गेला. "किती छान! तो कप जिथे ठेवता ना, तिथेच एक फोटो घेऊ या." आणि कॅमेरा उचलून उठला. मिस्टर ॲल्डरही काठी टेकत उठले. "चल, लव्ह, दाखव. मी पण पाहिलेलं नाही कुठे ठेवता ते."

बैठकीच्या खोलीपासून त्या सिंकपर्यंत दहा पावलं असतील. मी धावत पुढे जाऊन कप वर ठेवू शकले असते, बारा वर्षांची होते, पाय धड होते. धावले नाही. स्वयंपाकघराच्या दाराशीच सिंक होतं, मी त्याच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिले आणि माझी नजर कपाटाच्या त्या अर्धवट उघड्या दाराकडे गेली. तेवढं पुरलं. मिस्टर ॲल्डर माझ्या मागेच होते. ते खाली वाकले. मोतीबिंदू होता, पण तेवढं दिसायला डोळे लागत नाहीत. फडकं, ब्रश, ब्लीच, कप. मग खिडकीतून यार्डातला नळ, शेजारचा खिळा, खिळ्याला चिंधी. तिकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले. मागून पेपरवाला विचारत होता, "मला आत येऊ देता का, सर?" आणि मिस्टर ॲल्डर स्वयंपाकघराच्या दारातून हलले नाहीत. त्यांची पाठ दार भरून उरलेली, पलीकडच्याला काय दिसणार? त्यांनी कप उचलला, खिशातला इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून आतून-बाहेरून पुसला, कपाटाचं दार पायाने नीट लावलं आणि मग वळले. "शेल्फवर फार अंधार आहे," ते त्या मुलाला म्हणाले. "फोटो येणार नाही. बाहेर काढू."

बाहेर येऊन ते खुर्चीत बसले. आईने चहा ओतला, तो थोडा बशीत सांडला. त्यांनी कप दोन्ही तळव्यांत धरून वर केला, मुलाने बटण दाबलं, उजेड झाला. मग त्यांनी सगळा चहा प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, थोडीही घाई न करता. पेपरवाला गेल्यावर कप घेऊन ते स्वतः यार्डात गेले. मी मागे गेले. नळाखाली कप विसळला आणि त्या चिंधीने पुसून चिंधी परत खिळ्याला लावली. "बरोबर लावली ना?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो त्यात, आवाज अगदी साधा. मी मान हलवली. सॉरी हा एवढासा शब्द, या देशात बसमध्ये धक्का लागला तरी दिवसातून वीस वेळा म्हणतात, तो मला म्हणता आला नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हॅट घालून गेले.

मंगळवारी पेपरात आलं. नाव बरोबर छापलं होतं, गिडियन ॲल्डर. फोटोत ते कप धरून थेट समोर बघताहेत. खाली लिहिलं होतं की त्यांचे भारतीय शेजारी त्यांच्यासाठी मानाचा खास कप राखून ठेवतात, आणि मिस्टर ॲल्डर यांच्या मते एवढा सन्मान त्यांना या देशात कुठेही मिळाला नाही. त्यांनी ते तसंच राहू दिलं होतं. त्यांच्या एका वाक्याने पेपरात आमची अब्रू गेली असती, पण ते बोलले नाहीत. गल्लीतल्या बायका आईला येऊन शाबासकी देऊन गेल्या. हॉस्पिटलात बाबांचे हात हातात घेतले लोकांनी. आपल्या मराठी मंडळींत तर कौतुकाला ऊत आला. बाबांनी कात्रण फ्रेम करून घेतलं, कारण न करावं तर लोक विचारणार, आणि ते आमच्या हॉलमध्ये लागलं.

मिस्टर ॲल्डर त्यानंतर चहाला आले नाहीत. रस्त्यात भेटले की हॅट उचलायचे, "गुड मॉर्निंग, डॉक्टर," पण रविवारी तीनला ठोके पडले नाहीत. आई दोन-तीन रविवार शिरा करून वाट बघत बसली. तिने तो कप घासून वर शेल्फवर, सगळ्यांच्या ओळीत ठेवला. पण त्यातून चहा मात्र आमच्यापैकी कुणीही कधी घेतला नाही, मीसुद्धा नाही. पुढच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया होऊन बाबांच्याच वॉर्डात आणलं. बाबा म्हणाले, विजू, चल, ते तुझ्याबद्दल विचारत होते. मी म्हटलं, उद्या टेस्ट आहे. टेस्ट नव्हती. ते बाबांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आठवड्याने ते गेले. दफनाला बाबा एकटे गेले होते.

आईबाबा गेल्यावर घर आवरताना ती फ्रेम माझ्याकडे आली. आता ती माझ्या जिन्यात आहे. येणारा-जाणारा वाचतो आणि म्हणतो, वा. गेल्या ऑक्टोबरात माझा नातू नील ती शाळेत घेऊन गेला, काळ्या लोकांच्या इतिहासावर त्यांना काहीतरी करायचं होतं. त्याने मोठा तक्ता केला, मधोमध मिस्टर ॲल्डर, आणि खाली ठळक अक्षरात, माझ्या घराण्याने यांना मानाचा कप दिला. पहिलं बक्षीस मिळालं. नेण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "आजी, हे सगळं ट्रू आहे ना?" बारा वर्षांचाच आहे तो. मी म्हटलं, हो रे बाळा, अगदी खरं.

म्हणून हे प्रकरण लिहायला बसले. सगळं लिहून झालं, काही गाळलं नाही. पण लिहिलं मराठीत. नीलला मराठी वाचता येत नाही, आणि हे मला पहिली ओळ लिहायच्या आधीपासून ठाऊक होतं.